चार दिवसांची फट

९ फेब्रुवारी

बिट्टी,

वर आशीर्वाद-बिशीर्वाद लिहिले नाहीत. ते द्यायचा हक्क सध्या माझ्याकडे आहे की नाही, याची खात्री नाही. तू माझा फोन ब्लॉक केलास त्याला येत्या जूनमध्ये तीन वर्षं होतील. पत्ता आईने दिला, तोही एका अटीवर. "लिही हवं तर. पण तिच्या दारात जाऊन उभा राहू नकोस." म्हणून पत्र.

कारण कामाचं आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे तू पत्र अर्धं वाचून फेकणार नाहीस. मधल्या स्पर्धेवर गदा आली आहे. लीगच्या समितीला एप्रिलमध्ये ठरवायचंय की हंगामाच्या मध्यावर आपले संघ परदेशात पाठवायचे की हा प्रकार कायमचा बंद करायचा. त्यावरचं टिपण मी लिहायचं आहे. वेळापत्रक मी करतो, म्हणून घोडंही माझंच आणि लगामही माझाच, असं सचिवबाईंचं म्हणणं.

समितीत दोन नवे सदस्य आहेत. त्यांनी आयुष्यात कधी माउस हातात धरून काही खेळलेलं नाही. त्यांच्यासाठी पहिला परिच्छेद असा लिहिलाय, बघ बरोबर आहे का: 'या खेळात पाच विरुद्ध पाच खेळाडू संगणकावर खेळतात व समोरच्यांचा किल्ला पाडतात. पाचांपैकी एक जण चाल पुकारतो. देशातील दहा संघ वर्षभर एकमेकांशी खेळतात. मे महिन्यात हंगाम थांबतो, पहिले दोन संघ अकरा दिवसांसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जातात आणि परतल्यावर उरलेला हंगाम खेळतात.'

चाल पुकारणारा तो 'एक जण' तू होतीस, हे मात्र त्यात लिहिलं नाही.

त्या वर्षी मे महिन्यात तुमचा संघ तिकडे गेला तेव्हा पहिल्या क्रमांकावर होता. परत आल्यावर सातवा आला. दोन्हींच्या मध्ये मी चार दिवस ठेवले होते. चार दिवसांत प्रवासाचा शीण जात नाही, झोपेचं गणित जुळत नाही, हे मला कळायला हवं होतं. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर ते वेळापत्रक लावलेलं असायचं. हिरव्या पट्ट्या म्हणजे सामने, पिवळ्या म्हणजे प्रवास, पांढरं म्हणजे विश्रांती. पांढरं दिसलं की मला वाटायचं, जागा वाया जातेय. तुमचा हंगाम त्या चार दिवसांच्या फटीत पडला. त्याबद्दल मी तुझी माफी मागतो.

आता तुझं मत हवं आहे. अशा स्पर्धेने संघांचं भलं होतं का? आणि प्रेक्षकांचं? दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

दादा


२६ फेब्रुवारी

बिट्टी,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, मी अपेक्षाच ठेवली नव्हती, असं लिहिणार होतो. पण रोज टपालाची पेटी दोनदा उघडतो. शेजारीण विचारते, नोकरीचं पत्र येणार आहे का?

दरम्यान मी प्रेक्षकांकडे जाऊन आलो. तुमच्या पाठीराख्यांच्या मंडळाची ती दोघं आठवतात? नवरा दुकानांच्या पाट्या रंगवतो, बायको डायलिसिस विभागात नर्स. त्यांच्या घरी गेलो. पुढच्या खोलीतच त्याचं काम चालतं. खुर्चीवर बसायला गेलो तर म्हणाला, "थांबा, तिचा रंग ओला आहे." मग तिघं स्वयंपाकघरात बसलो.

त्या मे महिन्यात त्यांनी शाळेचा व्यायामाचा हॉल भाड्याने घेऊन तुमचे सामने पडद्यावर दाखवले होते. तीनशे चाळीस माणसं जमली होती. नर्स सांगत होती, "वर्षभर त्याच दहा संघांना बघतो आपण. कोण कधी काय करणार तेही पाठ झालेलं. पण तिकडे आपली पोरं जगाच्या शेजारी उभी राहिली की कशी दिसतात, ते मला तेव्हाच कळलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी आधीच्या विजेत्यांना हरवलं ना, तेव्हा माझ्या शेजारी एक अनोळखी आजोबा होते. आम्ही दोघं गळ्यात पडून रडलो. मला त्यांचं नावही माहीत नाही."

नवरा ब्रश पुसत म्हणाला, "रडलीस ना? मग पुढचे तीन महिने कोण रडत होतं ते पण सांग. परत आली ती पोरं नव्हतीच. धुऊन पिळून वाळत घातलेले कपडे होते. मी दर शनिवारी स्टेडियमला जायचो. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जाणं सोडलं. आपलं माणूस तिथे झोपाळलेल्या डोळ्यांनी हरतंय, ते काय बघायचं?"

"म्हणजे त्यांना पाठवायचंच नाही?"

"मी कुठे म्हटलं पाठवू नका? आल्यावर झोपू द्या म्हणतोय!"

दोघांची अशी जुंपली की मी निमूटपणे चहा पीत बसलो. हे सगळं टिपणात घेतलंय, 'झोपू द्या' सकट.

निघताना नर्सने दारात विचारलं, "एक सांगाल? शेवटच्या सामन्याला तुमची बहीण बाकावर का होती? आम्हाला कुणी काही सांगितलंच नाही. पडद्यावर ती दिसायची, जॅकेट घालून, हात मांडीखाली घेऊन बसलेली."

मी 'दुखापत' म्हणालो आणि बूट घातले.

दादा


१४ मार्च

बिट्टी,

काल तुझे जुने प्रशिक्षक भेटले. ते आता ऑफिसच्या खुर्च्या विकतात. हसू नकोस. शोरूम मोठी आहे, शंभर-सव्वाशे खुर्च्या. "आयुष्यभर पोरांना सांगत आलो, पाठ सरळ ठेवा. आता गिऱ्हाइकांना सांगतो," म्हणाले. मला एका गिरक्या घेणाऱ्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर उभे राहिले. त्यामुळे सगळा वेळ शिक्षकांसमोर बसल्यासारखं वाटत होतं.

मी टिपणासाठीचे प्रश्न विचारले. त्यांनी सरळ उत्तरं दिली. पहिले दोन सामने तुम्ही हरलात. तिकडचे संघ सुरुवातीपासून अंगावर येतात, आपले वाट बघत बसतात. हे पहिल्याच दिवशी उघडं पडलं. मग तू दुसऱ्या रात्री सगळ्यांना झोपायला पाठवलंस, सकाळी नाश्त्याच्या टेबलावर मिठाच्या आणि मिऱ्याच्या डब्या मांडल्यास आणि चाली बदलल्यास. "त्या अकरा दिवसांत पोरं जेवढं शिकली तेवढं मी वर्षभरात शिकवलं नसतं. आणि परत आल्यावर पहिल्या आठवड्यात तेवढंच विसरली. डोकं चालायला झोप लागते, वेळापत्रकवाले."

मी लिहून घेतलं. वही मिटली.

ते म्हणाले, "तिला पत्रं लिहिताय असं तुमची आई सांगत होती. फोनचं लिहिलंत का?"

मी म्हणालो, "तिला माहीत आहे ते."

"तिला काय माहीत आहे ते मला विचारू नका. तुम्ही लिहिलंत का?"

नाही लिहिलं. दोन पत्रं लिहिली आणि माफी मागितली ती फक्त चार दिवसांची. ती माफी सोपी होती. वेळापत्रकाबद्दल माफी मागताना माणूस ऑफिसात बसल्यासारखा असतो.

तर आता लिहितो.

उपांत्य सामन्याच्या आदल्या दुपारी तू मला फोन केलास. म्हणालीस, "दादा, उजव्या मनगटात मुंग्या येतायत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर आहे. उद्याचा एक सामना निघेल. कुणाला बोलू नकोस, तुला म्हणून सांगते." मी म्हणालो, "नाही बोलत." फोन ठेवला आणि वीस मिनिटांच्या आत प्रशिक्षकांना फोन केला. नियमाप्रमाणे त्यांना तुला बसवावंच लागलं. तुझ्या जागी राखीव खेळाडू खेळली. तुम्ही तीन-दोनने हरलात. जूनमध्ये दुखापतीच्या फाइलमध्ये तू 'कुटुंबीयांकडून मिळालेल्या माहितीनुसार' हे शब्द वाचलेस, मला फोन करून विचारलंस, "कुटुंबीय म्हणजे कोण?" मी म्हणालो, "मी. तुझ्या काळजीपोटी." तो आपला शेवटचा फोन.

इथवर तुला माहीत आहे. पुढचं नाही.

काळजी होती. ती खोटी नव्हती. पण त्या वीस मिनिटांत मी आणखी एक गोष्ट केली. भिंतीवरच्या वेळापत्रकासमोर उभा राहिलो. स्पर्धेत एका कप्तानाचा हात निकामी झाला, तर चौकशी होणार. आणि चौकशी झाली की पहिला प्रश्न येणार, जाण्याआधी इथे इतके सामने इतक्या कमी दिवसांत बसवले कोणी? त्याखाली सही माझी होती. तू खेळली नाहीस तर तो प्रश्न येणार नव्हता. हे मला तेव्हा स्पष्ट कळत होतं. आता मागे वळून सुचलेलं नाही. फोन उचलताना कळत होतं.

मग मी तुझ्या नावाखाली स्वतःची कातडी वाचवली आणि तीन वर्षं सगळ्यांना 'काळजी' सांगत फिरलो. आईलाही तेच सांगितलं. ती माझी बाजू घ्यायची, मी घेऊ द्यायचो.

याच्यावर उत्तर आलं नाही तर मी पुन्हा लिहिणार नाही.

दादा


२९ मार्च

बिट्टी,

तुझं कार्ड मिळालं. चार वाक्यं आहेत, तरी सकाळपासून खिशात घेऊन फिरतोय. 'टिपणासाठी मत हवं असेल तर पुढच्या रविवारी अकराला ये. संघातले चष्मा आणि अबोलीही येतील. वही आण. बोलू नकोस, ऐक.'

येतो. आईला सांगितलं की या वेळी दारात उभा राहायला मला बोलावलंय. तिने लगेच माझा शर्ट इस्त्रीला घेतला. मी पंचेचाळीस वर्षांचा आहे.

मनगटाचं काही लिहिलं नाहीस. विचारणारही नाही.

दादा


१९ एप्रिल

बिट्टी,

त्या रविवारी तू मला बोलू दिलं नाहीस, ते बरंच झालं. तोंड बंद असलं की कान उघडतात, हे या वयात कळलं. आणि समितीची बैठकही गेल्या आठवड्यात झाली, तेव्हा आता सगळंच सविस्तर लिहितो.

आधी तुझ्या गाडीबद्दल. तू ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतेस त्यांची गाडी घेऊन मला थांब्यावर घ्यायला आलीस, तेव्हा मी तुझ्या शेजारच्या सीटवर बसलो आणि पायाखाली ब्रेक लागला. मी दचकून पाय वर घेतला. तू म्हणालीस, "शिकवणाऱ्याची जागा आहे ती. पाय खाली ठेव, चावत नाही." आणि मग हसलीस. तीन वर्षांनी ऐकलेलं ते पहिलं हसू. मी पूर्ण रस्ताभर पाय आखडून बसलो होतो, हे तुला दिसलं असणार.

चष्म्याचं म्हणणं मी शब्द न बदलता टिपणात घातलं. "ती स्पर्धा नसती तर मी अजून स्वतःला मोठा खेळाडू समजत बसलो असतो. तिकडच्या पोराने मला सात मिनिटांत तीनदा मारलं. तेव्हाच कळलं, आपण चांगले आहोत, पण त्या पट्टीतले नाही. घरी राहून हे कळायला दहा वर्षं गेली असती." तो आता प्रयोगशाळेत काम करतो आणि खूश दिसतो. मला वाटलं होतं तो कडवट असेल.

अबोली तासभर संत्री सोलत होती. मग एकदम म्हणाली, "माझं नाव तिकडच्या प्रेक्षकांना उच्चारता येत नव्हतं. तरी ओरडत होते. चुकीचं ओरडत होते. मला फार आवडलं." एवढंच. तेही घातलं. अध्यक्ष म्हणाले, याला मुद्दा म्हणायचं का? मी म्हणालो, माझ्या मते सगळ्यात मोठा हाच आहे.

आणि तुझं. "स्पर्धा बंद करू नका. बंद करणं सोपं आहे, म्हणून तुम्हाला सुचतंय. आल्यावर चौदा दिवस एकही सामना नको. संघाच्या पगारावर नसलेला डॉक्टर हवा, आणि त्याने आधी खेळाडूला सांगायचं, मग बाकीच्यांना. खेळायचं की बसायचं हे खेळाडूच्या तोंडून ठरलं पाहिजे. आणि हे वेळापत्रक बनतं त्या खोलीत आमच्यातला एक जण बसला पाहिजे. तुम्ही आमच्याबद्दल फार बोलता. आमच्याशी कोण बोलतं?"

हे शेवटचं म्हणताना तू माझ्याकडे बघितलं नाहीस. वहीकडे बघितलंस.

आता बैठक. टिपणात मी एक परिच्छेद स्वतःबद्दल घातला. वेळापत्रक करणाऱ्या माणसाने स्वतःचं वेळापत्रक वाचवण्यासाठी एका खेळाडूला, तिने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वापरून, बाकावर बसवलं. म्हणून स्वतंत्र डॉक्टर हवा. सचिवबाईंनी तो आधी वाचला आणि दार लावून मला म्हणाल्या, "हे काढून टाका. याची गरज नाही. याच्याशिवायही टिपण पटतं."

"पटतं. पण डॉक्टर कशाला हवा, ते कळत नाही."

"तुमच्या नोकरीचा विचार केलात का?"

"मागच्या वेळी तोच केला होता."

त्यांनी कागद फाइलला लावला.

निकाल असा: स्पर्धा राहणार. चौदा दिवस मिळाले नाहीत. प्रक्षेपणवाल्यांनी इतके दिवस पडदा रिकामा ठेवायला साफ नकार दिला, शेवटी नऊवर आलं. स्वतंत्र डॉक्टर मंजूर. समितीत खेळाडूंचा एक प्रतिनिधी मंजूर, दोन मतांच्या फरकाने. आणि वेळापत्रक माझ्याकडून काढून घेतलं. सोमवारपासून मी हॉलचं बुकिंग बघतो. भिंतीवरच्या पट्ट्या नव्या माणसाने उतरवल्या. चांगला आहे, विचारून विचारून काम करतो. मला वाईट वाटलं का? वाटलं. दोन दिवस. नऊ म्हणजे चौदा नव्हेत याचं जास्त वाटलं.

आता त्या दिवशी राहिलेलं.

तू मला बसला सोडायला आलीस. चष्मा आणि अबोली मागे राहिले. बस समोरून वळत होती, तेव्हा तू विचारलंस, "दादा, तू तो फोन केला नसतास तर आम्ही जिंकलो असतो का?"

मी म्हणालो, "कसं सांगणार? खेळ आहे."

तू मान हलवलीस आणि गाडीकडे गेलीस. मी खिडकीतून बघत होतो. मला माहीत होतं की मी पुन्हा तेच केलं. मी तो सामना कधी पाहिलाच नव्हता. तीन वर्षांत एकदाही नाही. स्वतःला सांगत आलो की समोरचा संघ भारी होता, हरलाच असतात. ते खरं आहे की नाही हे बघायची हिंमत नव्हती.

बुधवारी प्रशिक्षकांच्या शोरूममध्ये गेलो. दुपारी गिऱ्हाईक नसतं. त्यांनी काउंटरवरच्या संगणकावर सामना लावला आणि आम्ही दोन महागड्या खुर्च्यांवर बसून पाचही डाव पाहिले. दोन-दोन बरोबरी होती. पाचव्या डावात, एकतिसाव्या मिनिटाला समोरच्यांचे दोन जण पडले होते आणि किल्ल्याचा रस्ता मोकळा होता. राखीव मुलीने 'मागे' पुकारलं. घाबरली बिचारी, तिचा काय दोष. चौघं मागे आले. अबोली मात्र एक क्षण तिथेच थांबलेली दिसते. वळून बघते. मग तीही मागे येते. चार मिनिटांनी तुम्ही हरलात.

प्रशिक्षकांनी चित्र थांबवलं. मी विचारलं, "बिट्टी काय म्हणाली असती?"

ते म्हणाले, "तुम्हाला खरंच विचारायचंय?"

"हो."

"ती 'पुढे' म्हणाली असती. तिसऱ्या दिवशी याच जागी म्हणाली होती."

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे, बिट्टी. हो. मी फोन केला नसता तर तुम्ही जिंकला असता. कदाचित तुझं मनगट गेलं असतं. अंतिम सामना तुला खेळताही आला नसता कदाचित. पण उपांत्य सामना तुम्ही जिंकला असता, आणि ते मी तुमच्याकडून काढून घेतलं. याला 'खेळ आहे' म्हणणं हा भ्याडपणा होता. बस येत होती म्हणून सुटलो.

यावर तू काय करावंस, हे मी सांगणार नाही. पुन्हा बोललीस तर बरं वाटेल. नाही बोललीस तर का, ते मला कळेल.

एक शेवटचं. समितीवरच्या प्रतिनिधीसाठी चष्म्याने आणि अबोलीने तुझं नाव दिलंय. तुला विचारून दिलं की नाही, मला माहीत नाही. काल सचिवबाई माझ्या नव्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचा नंबर द्या, आजच बोलून घेते." पेन काढून उभ्याच होत्या. मी म्हणालो, नंबर आहे माझ्याकडे, पण आधी तिला विचारतो.

देऊ का?

दादा